तीन मार्क सिंहासनाचे

मी बी.कॉम. झालो यात माझ्या हुशारीचा भाग कमी आणि इतिहासाच्या भीतीचा भाग जास्त. शाळेत असताना पानिपतच्या तीन लढायांनी माझ्या डोक्यात चौथी लढाई सुरू केली होती. पहिल्या लढाईतला इब्राहिम लोदी आणि तिसऱ्या लढाईतला इब्राहिमखान गारदी हे दोघे माझ्या उत्तरपत्रिकेत एकाच हत्तीवर बसले, आणि सरांनी मला बाकावर उभे केले. तेव्हाच ठरवले, की ज्या विद्येत माणसे मेल्यावरही त्रास देतात ती विद्या आपली नव्हे. वाणिज्य शाखेत मेलेला माणूस एकदाच भेटतो, 'मृत भागीदाराचे खाते' या प्रकरणात. त्याचा हिशोब चुकता केला की तो पुन्हा वाटेला जात नाही.

पण नशिबात असेल ते चुकत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे सातवीतले चिरंजीव शाळेतून एक कागद घेऊन आले. कागदावर लिहिले होते : 'प्रकल्प. युरोपियन सत्ता येण्यापूर्वीच्या एका आफ्रिकन राजाचे चरित्र व कारकीर्द. चार पाने, चित्रासह. गुण १०.'

आता हा प्रकल्प विद्यार्थ्याचा असतो असे ज्यांना वाटते त्यांना मुले नसावीत. चिरंजीवांनी तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि ते क्रिकेट खेळायला गेले.

"तुम्ही एवढे पेपर वाचता," ही म्हणाली, "एक राजा माहीत नाही?"

आफ्रिकेविषयी माझे ज्ञान भूगोलात सहारा वाळवंट आणि सिनेमात सिंह एवढेच. शिवाय त्या दिवसांत मला राजे शोधायला वेळ नव्हता. मी स्वतःच राज्यावर होतो.

त्याचे असे झाले. आमच्या शाखेच्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब यायचे होते, पण येत नव्हते. साक्रीला बदली झाली म्हटले की माणसाला आई-वडिलांची प्रकृती, मुलीची बारावी आणि स्वतःची कंबर या तिन्ही गोष्टी एकदम आठवतात. तेव्हा मधल्या काळासाठी शाखेचा 'चार्ज' माझ्याकडे आला. पगार कारकुनाचा, शिव्या मॅनेजरच्या. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या कमरेला लागली. ती किल्ली मी रात्री उशीखाली घेऊन झोपायचो. त्यामुळे मानेला उसण भरली, आणि मान एका बाजूला कलल्याने माझ्या चेहऱ्यावर आपोआप अधिकाऱ्याचे गांभीर्य आले.

मात्र साहेबांच्या खुर्चीवर मी एक दिवसही बसलो नाही. बाजूला माझी जुनी खुर्ची ओढून कारभार केला. स्टाफमध्ये माझ्या विनयाचे फार कौतुक झाले. खरे कारण असे, की त्या खुर्चीची पाठ सैल होती आणि टेकले की माणूस छताकडे पाहू लागे. हे फक्त मला आणि बदलून गेलेल्या साहेबांना ठाऊक होते.

तर अशा राजकीय धामधुमीत मी मागच्या गल्लीतल्या गुरुजींना शरण गेलो. गुरुजी निवृत्त इतिहास शिक्षक. आमचा पेपर ते सकाळी नेतात आणि संध्याकाळी शब्दकोडे सोडवून परत करतात. प्रकल्पाचा कागद त्यांनी हात लांब धरून वाचला.

"आफ्रिकन राजा ना? मग आफ्रिकेत कशाला जाता? धुळ्याहून एसटीत बसा आणि खुलताबादला उतरा. तिथे झोपलाय. मलिक अंबर."

मलिक अंबर हे नाव मी ऐकले होते. पण तो माझ्या समजुतीप्रमाणे आदिलशहा, कुतुबशहा वगैरे मंडळींपैकी कुणीतरी होता. गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला सांगितले. पुढचे दोन तास मी खुर्चीवर होतो, पण उभा बाकावर होतो.

हा मुलगा जन्मला इथिओपियात, १५४८ च्या सुमारास. नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राच्या मोखा बंदरात तो विकला गेला, बगदादला पोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो आला थेट आपल्या नगरच्या निजामशाहीत. तिथे त्याला विकत घेतले चंगीजखानाने. हा चंगीजखान म्हणजे तो मंगोल नव्हे (मी लगेच घोटाळा करणारच होतो, गुरुजींनी बोट वर केले); हा निजामशहाचा पेशवा. गंमत म्हणजे हा पेशवाही हबशी, आणि एकेकाळचा गुलामच. चंगीजखान वारला, त्याच्या बायकोने अंबरला मोकळे केले.

मोकळा झालेला माणूस काय करतो? नोकरी शोधतो. अंबर काही वर्षे विजापूरकरांकडे राहिला, 'मलिक' ही पदवी मिळवली, आणि १५९५ च्या सुमारास जेमतेम दीडशे स्वार घेऊन नगरला परतला. १६०० साली चांदबिबी मारली गेली, नगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला, आणि निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरून चालले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातला एक तरुण हुडकून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः बाजूला उभा राहून राज्य करायला लागला. एक-दोन वर्षे नव्हे, मरेपर्यंत. १६२६ पर्यंत.

"बाजूला उभा राहून?" मी विचारले.

"बाजूला उभा राहून," गुरुजी म्हणाले. "सिंहासनावर कधी बसला नाही."

मला माझी बाजूची खुर्ची आठवली. वाचकहो, त्या क्षणी माझे इतिहासाशी पंचवीस वर्षांचे भांडण मिटले.

मग मी झपाटल्यासारखा मलिक अंबरच्या मागे लागलो. वाचनालयातून पुस्तके आणली. हिला वाटले, बढतीची परीक्षा देतोय. चहात साखर वाढली. अंबरच्या मागे जहांगीरही असाच वीस वर्षे लागला होता, पण त्याच्या चहात काही साखर पडली नाही. बादशाहाची फौज, तोफा, हत्ती सगळे बऱ्हाणपुरात तयार असायचे. सेनापती कोण, तर अब्दुल रहीम खानखानान. होय, तेच ते, ज्यांचे दोहे आपण शाळेत पाठ केले ते रहीम. नम्रतेवर एवढे सुंदर लिहिणाऱ्या माणसाला १६१० मध्ये अंबरने नम्रतेचे प्रात्यक्षिक दाखवले. नगरचा किल्ला मोगलांच्या हातून परत घेतला.

त्याची पद्धत सोपी. समोर यायचे नाही. मराठ्यांचे हलके घोडेस्वार सोडायचे, रसद तोडायची, चारा जाळायचा, रात्री झोपू द्यायचे नाही. मोगल या प्रकाराला 'बर्गीगिरी' म्हणत. आमच्या शाखेत थकबाकीदार ज्या कौशल्याने वसुली पथकाला चुकवतात, त्यावरून ही विद्या अजून जिवंत आहे असे माझे मत आहे. सन १६१२ च्या सुमारास अब्दुल्लाखान नावाचा सरदार गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने दौलताबादवर चालून गेला. अंबरच्या स्वारांनी त्याला असे काही फोडून काढले की तो बागलाणातून गुजरातेत परत पळाला.

हे वाक्य मी जरा मोठ्याने वाचले, कारण बागलाण म्हणजे सटाणा आणि सटाणा म्हणजे आमची सासुरवाडी.

"म्हणजे आमच्या माहेरावरून मोगल पळाले?" हिने स्वयंपाकघरातून विचारले.

"हो. बहुतेक तुमच्या वाड्यावरूनच."

"मग बाबांना फोन करून सांगते," ही म्हणाली, आणि खरोखरच केला. सासरेबुवांनी विचारले, "जाताना काही नेलं का?"

जहांगीर बादशहा मात्र हे इतक्या हसत घेणारा नव्हता. आपल्या आत्मचरित्रात अंबरचे नाव आले की त्याची लेखणी घसरते. 'काळतोंड्या' हे त्यातल्या त्यात सौम्य. प्रत्यक्षात अंबर हाती लागेना, तेव्हा बादशहाने दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढून घेतले. त्यात अंबरचे मुंडके भाल्यावर खोचले आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर त्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. चित्र साधारण १६१६ मधले. अंबर वारला १६२६ मध्ये, म्हातारा होऊन. म्हणजे मुंडके भाल्यावर गेल्यावरही गृहस्थ आणखी दहा वर्षे कारभार करीत होता. मीसुद्धा एका जुन्या साहेबांचे असेच चित्र टीपकागदावर काढले होते. त्यांचेही काही बिघडले नाही. चित्रात माणसे मारण्याचा हा तोटा आहे.

पण मला खरा जिंकला तो अंबरच्या लढायांनी नव्हे, हिशोबाने. त्याने जमीन मोजली, कस पाहून प्रत लावली, सारा वसूल करण्याचे मक्ते बंद केले. सरकारी हिस्सा आधी धान्यात घेतला आणि काही हंगामांचा अनुभव आल्यावर तो रोखीत ठरवला. तोही दरवर्षी किती पेरले ते पाहून. ग्रँट डफने हे कौतुकाने नोंदवले आहे. ज्या माणसाला स्वतःला कधी मोल करून विकले होते, त्याने दुसऱ्याच्या शेताचे मोल करताना पीक पाहून करावे, ही गोष्ट मी कर्जाच्या फाइली तपासताना पुष्कळदा मनात आणतो. आणली तरी नियम बदलत नाही, हा भाग वेगळा.

दुसरे म्हणजे पाणी. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या गावी राजधानी वसवली, आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. दरबारातले शहाणे लोक या बेताला हसले म्हणतात. पाणी आले, हसू गेले. आम्हा साक्रीकरांना यातली थोरवी समजावून सांगावी लागत नाही. पांझरा आणि कान नद्यांवरचे जुने बंधारे, त्यांचे पाट, फडाफडाला पाळीने पाणी सोडणारा पाटकरी, हे पाहतच आम्ही वाढलो. राजा गेला तरी चालते, पाटकरी आजारी पडला तर गावात मारामारी होते. अंबर पाण्याचा उपयोग लढाईतही करी. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर दोघे मिळून त्याच्यावर आले, तेव्हा त्याने तलाव फोडून त्यांच्या वाटेचा चिखल केला आणि दोघांनाही लोळवले. या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

त्या खडकीचे पुढे १६२६ मध्ये फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. या शहराने आमच्या शाखेत खाते काढले असते तर केवायसीच्या कागदांनी एक कपाट भरले असते.

अंबर साधुसंत होता असे मात्र नव्हे. पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की निजामशहाच्या थोरल्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, आणि त्यानंतर राजा-राणी दोघेही विषाने गेली. गादीवर राजाचा लहान मुलगा बसला. अंबर पुन्हा बाजूला उभा. तलवारीचे घाव विसरणारा माणूस तो एक शब्द विसरला नाही.

याच डच गृहस्थाने आणखी एक आकडा लिहिला आहे. मोखा बंदरात हा मुलगा विकला गेला तो ऐंशी गिल्डरला.

आकडा दिसला की मला राहवत नाही. मी टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला. ऐंशी गिल्डर, साडेचारशे वर्षे, सहा टक्के, चक्रवाढ. बारा आकड्यांचा तो कॅल्क्युलेटर थोडा वेळ पळाला आणि मग त्याने हात टेकले. पडद्यावर नुसती चूक दाखवणारी खूण.

चिरंजीव बाजूला उभे होते. "बाबा, एवढे पैसे होतात?"

"याहून जास्त."

"मग ते जमा कुणाच्या खात्यात करायचे?"

वीस वर्षे मी हाच धंदा करतो आहे. मला उत्तर देता आले नाही. त्याच्या आईचे नावसुद्धा कुठे लिहिलेले सापडत नाही, खाते कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी बँकेत गर्दी होती. दिवाळीनंतर आमच्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात. जाण्यापूर्वी खात्यावर काही आले का ते पाहायला येतात. असाच एक जण खिडकीशी आला. "भाऊसाहेब, पैसा उनात का?" मागे मुकादम उभा. सोबत आमच्या चिरंजीवांएवढा मुलगा. बापाच्या वतीने त्यानेच स्लिप भरली. अक्षरी रक्कम शुद्ध, आडवी रेघ मारून 'फक्त'सुद्धा लिहिले. आमच्या गावातले दोन वकील आणि एक प्राध्यापक अजून हे 'फक्त' विसरतात.

"कितवीत रे?"

"सातवीत."

"मग शाळा?"

मुलाने बापाकडे पाहिले, बापाने मुकादमाकडे. मुकादम म्हणाला, "येईल की साहेब आखाजीला परत. कोयत्याची उचल दिलीय, पोरगं घरी कोण सांभाळणार?"

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणसे मोजायचे हे एकक बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हते. उचल म्हणजे विक्री नव्हे, हे मलाही कळते. उचल फिटते, माणूस आखाजीला घरी येतो. पण त्या दिवशी तो ऐंशीचा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या कमरेला तिजोरीची किल्ली होती, मी शाखेचा कारभारी होतो, आणि माझ्या अधिकारात बसणारी एकच गोष्ट मला करता आली. ती म्हणजे त्याच्या स्लिपवर सही. रोकड मोजून दिली. मुलाने पुन्हा मोजली. बरोबर निघाली.

त्याच आठवड्यात नवे साहेब आले. वय सत्तावीस. मी किल्ली दिली, कागदावर सह्या केल्या. सत्तेचाळीस दिवसांचे राज्य सत्तेचाळीस सेकंदांत संपले. साहेब नम्रपणे म्हणाले, "तुम्ही फार छान सांभाळलंत, काका." त्या 'काका'नेच घात केला. एखादा शब्द तलवारीपेक्षा का लागतो ते मला तेव्हा समजले. मग साहेब खुर्चीवर बसले, मागे टेकले आणि छताकडे पाहू लागले. मी काही बोललो नाही. अंबरइतका नाही, पण थोडा सूड मीही घेतला.

प्रकल्प जानेवारीत परत आला. दहापैकी सात. खाली लाल शाईत शेरा : 'माहिती उत्तम. परंतु मलिक अंबर हा राजा नव्हता.'

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "तीन मार्क सिंहासनाचे गेले."

मी गुरुजींना सांगायला गेलो. मला वाटले ते चिडतील. ते शब्दकोडे सोडवत होते.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "नव्हताच राजा. ज्यांना त्याने गादीवर बसवलं त्यांची नावं सांगा पाहू?"

मला आठवेनात. सात मार्कांतच मोठेपणा आहे हे मला पटले, आणि हिलाही पटवले. बढतीची परीक्षा मी देत नाही आहे, हेही त्याच रात्री सांगून टाकले. चहातली साखर पूर्ववत झाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी बँकेत पुन्हा गर्दी. खिडकीशी तोच बाप, तोच मुलगा. मुलगा काळवंडला होता, हाताला पाचटाचे चरे होते, उंची मात्र दोन बोटे वाढली होती. स्लिप भरायला त्याने दोरीचे पेन उचलले. ते उठत नव्हते. आमच्या बँकेत दोरी मजबूत असते, पेन नसते.

खिशातले माझे पेन मी काढून दिले. वीस वर्षांच्या नोकरीत हे पेन मी साहेबांनासुद्धा टोपण काढूनच देत आलो आहे. टोपण आपल्याकडे राहिले की पेन परत येते, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

त्याने स्लिप भरली. अक्षरी रक्कम, आडवी रेघ, 'फक्त'. अक्षर थोडे बिघडले होते, पण हिशोब बरोबर होता.

"जूनला शाळेत जाशील ना?"

"जाईन," तो म्हणाला. या वेळी त्याने कुणाकडे पाहिले नाही.

ते निघून गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची सही घेताना मी खिसा चाचपला. पेन नव्हते. टोपण शोधले. तेही नव्हते. दोन्ही त्याला दिली होती, आणि कशी दिली ते मलाच कळले नाही. माझ्या हिशोबात ती तूट अजून तशीच आहे. भरून काढायचा विचार नाही.